हप्त्याचे घर, एकरकमी कर

दिवाळीच्या अंकात कराची गोष्ट काढली म्हणून काही वाचक नाक मुरडतील, हे मला ठाऊक आहे. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण आधी कडू कारीट फोडतो, जिभेला लावतो आणि मगच फराळाच्या ताटावर बसतो. या सदराचे काम त्या कारिटाचे आहे असे समजावे. शिवाय लक्ष्मीपूजनाला आपण जमाखर्चाच्या वहीला हळदकुंकू वाहणार. त्या वहीत काय लिहिले आहे, हे वर्षातून एकदा वाचायला काय हरकत आहे?

यंदाची हकिगत माझ्या स्वतःच्या घराची आहे. वाचकांची पत्रे येतात त्यांत हा प्रश्न वरचेवर असतो: "गावाकडचे भाड्याने दिलेले घर विकायचे आहे, घेणारा चांगला आहे, पण पैसे हप्त्याने देतो म्हणतो; कराचे काय?" मी आजवर या प्रश्नाला चार ओळींत उत्तर देत आलो. स्वतःवर वेळ आली तेव्हा कळले, की त्या चार ओळींत अर्धीच गोष्ट होती.

आमचे घर बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईला. निजामाच्या अमदानीत गावाचे नाव मोमिनाबाद होते. आमचे आजोबा शेवटपर्यंत तेच नाव घेत. वडील प्राथमिक शाळेत गुरुजी. त्यांनी १९८४ साली योगेश्वरीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, एका बोळात, चार खोल्यांचे घर बांधले. मी नोकरीनिमित्त गावोगाव फिरलो, शेवटी पुण्याला स्थिरावलो. १९९८ साली आईवडीलही माझ्याकडे राहायला आले आणि घर भाड्याने दिले. बिऱ्हाडकरू शिंपीकाम करणारे. बाजारात त्यांचे छोटे दुकान. सारा गाव त्यांना 'मास्तर' म्हणतो, म्हणून आम्हीही मास्तरच म्हणतो. सहाशे रुपये भाड्यापासून सुरुवात झाली, ते वाढत वाढत सहा हजारांवर आले. इतक्या वर्षांत एकदाही भाडे मागायला जावे लागले नाही. वडील गेल्यावर घर माझ्या नावावर झाले. धाकट्या बहिणीने हक्कसोडपत्र लिहून दिले, पण घर विकले तर तिच्या मुलाच्या शिक्षणाला तीन लाख द्यायचे, हा शब्द मी तिला भाऊबिजेच्या ताटावर दिलेला होता.

२०२४ च्या दिवाळीत मास्तर आपल्या मंडळींना घेऊन पुण्याला आले. चहा झाला, चिवडा झाला, तरी गृहस्थ काही बोलेनात. शेवटी त्यांच्या बायकोनेच आईच्या पायाशी बसून विषय काढला.

"काकू, घर विकायचं चाललंय असं कानावर आलं. दुसऱ्याला नका देऊ. आमची पोरं तिथंच वाढली."

मास्तर म्हणाले, "दादा, किंमत तुम्ही म्हणाल ती. पण एकदम नाही जमायचं. बँकेत जाऊन आलो. ते कागद मागायलेत. माझ्या कातरीची काय पावती देऊ त्यांना? थोरला चाकणला कारखान्यात लागलाय, त्याचा पगार आणि माझं दुकान, दोन्ही मिळून हप्ता चुकवणार नाही."

आई म्हणाली, "अरे, तुझ्या वडिलांनी त्यांना सांगितलं होतं, घर विकलं तर पहिलं तुम्हाला विचारीन. झालं तर मग. व्याजबीज काही घेऊ नकोस."

दिनदर्शिकेच्या पाठीमागे मी तिथल्या तिथे हिशेब मांडला. किंमत चोवीस लाख. चार लाख आगाऊ, उरलेले वीस लाख दरमहा वीस हजारांप्रमाणे शंभर हप्त्यांत, बिनव्याजी. चारांतले तीन बहिणीला, एक आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या तयारीला. पाचशे रुपयांच्या मुद्रांक कागदावर साठेखत करायचे, त्या दिवसापासून भाडे बंद, घर मास्तरांचे. शंभरावा हप्ता पोचला की खरेदीखत. सगळे कसे सरळ! आणि कर? तो येईल तसा भरू, जसा हप्ता तसा कर, असे माझ्या मनाने परस्पर ठरवून टाकले. इतरांना सल्ला देणाऱ्या माणसाचे मन स्वतःच्या बाबतीत फार लवकर समाधान पावते.

फेब्रुवारीत मी बीडला गेलो. माझा एक वर्गमित्र तिथे वकिली करतो, कराचीही कामे पाहतो. माझा कागद त्याने चष्मा कपाळावर सरकवून वाचला आणि विचारले, "तीन लाख बहिणीला, एक लाख आईला. सरकारला काय देणार?"

"हप्ते येतील तसा देईन."

"अरे, सरकार हप्ता पाहत नाही. मालकी कधी हलली ते पाहते."

मग त्याने जे समजावून दिले ते वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. घर विकून जो नफा होतो त्याला भांडवली नफा म्हणतात. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने हा नफा ज्या वर्षी हस्तांतर झाले त्याच वर्षाचे उत्पन्न धरला. पैसे हाती आले किती, राहिले किती, याची तो चौकशी करत नाही. त्या कायद्याच्या जागी आलेला २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा; त्यात कलमांचे आकडे बदलले आणि 'करवर्ष' असा सुटसुटीत शब्द आला, पण हे तत्त्व बदललेले नाही. चोवीस लाखांचे घर चार लाख घेऊन दिले, तरी नफा चोवीस लाखांवर मोजायचा आणि कर सगळा त्याच वर्षाचा.

"पण खरेदीखत तर शंभर महिन्यांनी व्हायचे आहे," मी म्हणालो.

"ती पळवाट १९८८ सालीच बुजवली," मित्र म्हणाला. १ एप्रिल १९८८ पासून 'हस्तांतर' या शब्दाची व्याख्या रुंदावली. मालमत्ता हस्तांतर कायदा १८८२ सालचा. त्याच्या ५३-अ कलमाप्रमाणे कराराच्या पूर्ततेत ताबा दिला, किंवा घेणाऱ्याकडे आधीच असलेला ताबा त्याच्याकडे राहू दिला, तर तेही प्राप्तिकरापुरते हस्तांतर झाले. आमच्या मास्तरांकडे ताबा होताच. भाडे बंद करून 'आता घर तुमचे' असे लिहून दिले, की भाडेकरूचा ताबा संपून खरेदीदाराचा ताबा सुरू होतो. कुलूप तेच, किल्ली तीच, माणूसही तोच; पण कराच्या नजरेत घर विकले गेले.

या ५३-अ कलमाचा आधार मिळायचा तर २००१ सालच्या दुरुस्तीपासून साठेखत नोंदलेले असावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली हेच सांगितले: करार नोंदलेला नसेल तर या कलमाखाली हस्तांतर होत नाही. "म्हणजे नोंदवलाच नाही तर कर पुढे जाईल की," असे मी उत्साहाने म्हणालो. मित्राने माझ्याकडे पाहिले. "आणि मास्तर आठ वर्षे कशाच्या भरवशावर हप्ते भरणार? तुझ्या पाचशेच्या कागदाच्या? उद्या तू गेलास आणि तुझ्या मुलांनी तो कागद ओळखला नाही तर?"

मी गप्प झालो. ज्या माणसाने सव्वीस वर्षे भाडे चुकवले नाही, त्याचे पैसे मी बिननोंदीच्या कागदावर ठेवायला निघालो होतो. आणि तेही केवळ माझा कर लांबावा म्हणून.

आता आकडे. वाचकांनी पेन्सिल घ्यावी.

घर वडिलांनी बांधलेले आणि वारशाने माझ्याकडे आलेले. अशा वेळी वडिलांचा काळ माझ्याच काळात धरतात. चोवीस महिन्यांहून जास्त दिवस जवळ असलेले घर दीर्घ मुदतीचे समजले जाते. १ एप्रिल २००१ पूर्वीचे घर असले तर त्या तारखेचा बाजारभाव मूळ किंमत म्हणून घेता येतो. मात्र तो त्या दिवशीच्या सरकारी मूल्याहून अधिक असून चालत नाही. नोंदणीकृत मूल्यांकनकाराने आमच्या घराचा २००१ सालचा भाव साडेतीन लाख काढून दिला.

२३ जुलै २०२४ पासून असा नियम झाला, की महागाईचा निर्देशांक न लावता नफ्यावर दर शेकडा साडेबारा कर. पण त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमीन-घरांसाठी, इथे राहणाऱ्या व्यक्तींना आणि अविभक्त कुटुंबांना, जुन्या पद्धतीने निर्देशांक लावून दर शेकडा वीस या दराने कर कमी येत असेल तर तेवढाच भरण्याची मुभा ठेवली. दोन्ही रीतींनी मांडून पाहावे. चोवीस लाखांतून साडेतीन वजा केले तर नफा साडेवीस लाख. साडेबारा टक्क्यांनी कर २,५६,२५० रुपये. दुसऱ्या रीतीत २००१-०२ चा निर्देशांक १०० आणि २०२५-२६ चा ३७६. म्हणून साडेतीन लाखांचे १३,१६,००० झाले. नफा १०,८४,०००, वीस टक्क्यांनी कर २,१६,८००. ही दुसरी रीत स्वस्त. वर चार टक्के उपकर, एकूण २,२५,४७२ रुपये.

हाती येणार चार लाख, आणि त्यांतले सव्वादोन लाख सरकारचे! बहिणीचे तीन लाख कुठून द्यायचे?

आणखी एक काटा होता. मला निवृत्तिवेतन महिना पन्नास हजार. २०२५-२६ पासून नव्या कररचनेत एकूण उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल तर सवलतीमुळे कर लागत नाही. मी निश्चिंत होतो. पण घराचा नफा त्याच उत्पन्नात मिळतो, बारा लाखांची मर्यादा ओलांडली जाते आणि त्या एका वर्षापुरती ती सवलत जाते. म्हणजे निवृत्तिवेतनावरही थोडा कर आला.

त्याच रात्री अमेरिकेतून मेहुणीच्या मुलाचा फोन आला. मी माझे रडगाणे गायिले. तो म्हणाला, "काका, आमच्याकडे असं नाही. इथे घरमालकाने हप्त्याने घर विकलं, तर ज्या वर्षी जेवढा हप्ता येईल तेवढ्या प्रमाणात नफा धरतात." खरे आहे. अमेरिकेच्या कायद्यात ४५३ वे कलम त्यासाठीच आहे. पण तिथे भाड्याच्या घराचा घसारा दरसाल उत्पन्नातून वजा करतात, आणि विकताना त्या घसाऱ्याचा कर फिरून येतो. आपल्याकडे घरभाड्यातून सरसकट तीस टक्के वजावट मिळते आणि घसाऱ्याचा प्रश्नच येत नाही. ज्याच्या त्याच्या घरी ज्याची त्याची चूल. तिकडची पुस्तके वाचून इकडचा व्यवहार करू नये, एवढे खरे.

हा कर आपल्याकडे आला तोही गमतीने. १९४७ साली लियाकत अली खानांच्या अंदाजपत्रकात तो पहिल्यांदा बसला, दोनच वर्षांत उठला, आणि १९५६ साली कृष्णम्माचारींच्या वेळी पुन्हा येऊन बसला तो आजतागायत. १९४७ साली आमचा बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता, तेव्हा पहिल्या खेपेस आम्ही सुटलो. हप्त्याने मालकी ही मात्र मराठवाड्याला नवी गोष्ट नाही. १९५० च्या हैदराबाद कुळकायद्यात कुळांनी जमिनीची किंमत हप्त्यांनी फेडून मालक होण्याची सोय होती. ज्याच्या हाती रोकड नाही, पण मेहनत आहे, त्याला घरादाराचा धनी होण्याचा हाच रस्ता असतो. म्हणून हप्त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. कागद मात्र पक्का हवा.

दुसऱ्या दिवशी मित्राने तीन वाटा पुढे ठेवल्या.

पहिली वाट: साठेखत नोंदवायचे आणि खरेदीदार म्हणून ताबा द्यायचा. कर लगेच लागणार. महाराष्ट्रात अशा साठेखतावर मुद्रांक शुल्कही खरेदीखताइतकेच पडते. पुढे खरेदीखत करताना ते वळते होते, एवढाच दिलासा. मग मालकी न देता सगळा खर्च आणि सगळा कर आजच सोसायचा, यात कोणाचे भले?

दुसरी वाट: साठेखत नोंदवायचे, पण त्यात स्पष्ट लिहायचे, की खरेदीखत होईपर्यंत मास्तर भाडेकरूच, भाडेही चालू. मग नफ्याचा कर शेवटच्या खरेदीखताच्या वर्षी. पण त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होता, महाराष्ट्रातल्याच एका भाडेकरूच्या दाव्यात. घर आधीपासून भाडेकरूच्या ताब्यात असले, तरी त्याच्याशी केलेल्या साठेखतावर खरेदीखताचेच मुद्रांक शुल्क द्यावे लागते. मास्तरांनी आज पूर्ण शुल्क भरायचे, आठ वर्षे भाडेही भरायचे, हप्तेही भरायचे आणि मालक मात्र व्हायचे नाही! साठेखताने घरावर हक्क उत्पन्न होत नाही, हे १८८२ च्या कायद्यात स्वच्छ लिहिले आहे. माझे वय सदुसष्ट. आठ वर्षांनी खरेदीखतावर सही करायला मी असेन की नाही, हे कोणी सांगावे?

तिसरी वाट: आजच खरेदीखत. मला वाटत होते, पूर्ण पैसे घेतल्याशिवाय खरेदीखत होतच नाही. पण त्या कायद्याचे ५४ वे कलम सांगते, की किंमत दिलेली असो, देण्याचे वचन असो, किंवा काही दिलेली आणि काही देऊ केलेली असो, विक्री ती विक्रीच. राहिलेल्या रकमेसाठी विकणाऱ्याचा बोजा घरावर राहतो, तो ५५ व्या कलमाने. खरेदीखतात बाकी रक्कम, हप्ते आणि बोजा स्पष्ट लिहावा व मिळकत पत्रिकेवर त्याची नोंद करून घ्यावी, म्हणजे पुढे घर घेणारा कोणी 'मला माहीत नव्हते' म्हणू शकत नाही. या बोज्याच्या वसुलीच्या दाव्याला बारा वर्षांची मुदत आहे.

"आणि हप्ते थकले तर घर परत?"

"नाही," मित्र म्हणाला. "ही गोष्ट मनात पक्की धर. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली महाराष्ट्रातल्या एका दाव्यात आणि २०२० साली गुजरातेतल्या एका दाव्यात हेच सांगितले. किंमत पूर्ण मिळाली नाही म्हणून नोंदलेली विक्री रद्द होत नाही. तुला पैशासाठी दावा करता येईल, कोर्टामार्फत घर विकून वसुली करता येईल. पण तोवर तू कर भरलेला असशील, आणि बुडालेल्या हप्त्यांसाठी तो कर सहजी परत मिळत नाही. म्हणून आधी माणूस पाहावा, मग कागद."

माणूस आम्ही सव्वीस वर्षे पाहिला होता.

व्यवहाराची कुणकुण लागताच गावातले एक मध्यस्थ मला भेटले. त्यांचा सल्ला असा, की कागदावर पंधरा लाख दाखवा, बाकीचे हळूहळू रोखीने घ्या, कर आपोआप कमी. असे सल्ले देणारी माणसे नोटीस येते तेव्हा तीर्थयात्रेला गेलेली असतात! सरकारी दराने घराचे मूल्य तेवीस लाख होते. कागदावरची किंमत त्याहून इतकी खाली असली, की मूल्य किमतीच्या दहा टक्क्यांहून पुढे जाते. मग नफा सरकारी मूल्यावरच मोजतात. आणि घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने आगाऊ घेतली, तर घेतली तेवढाच दंड होऊ शकतो. मी त्यांना चहा पाजून निरोप दिला.

मग मास्तरांना, त्यांच्या थोरल्याला आणि मित्राला एकत्र बसवून आम्ही दिनदर्शिकेवरचा जुना हिशेब खोडला आणि नवा मांडला.

पहिली गोष्ट तारखेची. मार्चमध्ये खरेदीखत झाले असते तर तो नफा २०२४-२५ चा, आणि कर जुलैच्या सुमारास भरायचा. जेमतेम चार महिने. एप्रिलमध्ये केले तर तोच नफा २०२५-२६ चा, आणि विवरणपत्राची मुदत जुलै २०२६ ची. साठीच्या पुढच्या आणि धंद्याचे उत्पन्न नसलेल्या माणसाला आगाऊ कर भरावा लागत नाही, हा वयाचा एक फायदा. केवळ पंधरा-वीस दिवस थांबल्याने मला पंधरा महिने मिळाले. तरुण विक्रेत्यांनी मात्र हे आपल्याला लागू समजू नये. त्यांना आगाऊ कराचे हप्ते चुकत नाहीत.

दुसरी गोष्ट व्याजाची. आई व्याज नको म्हणत होती. मास्तरच म्हणाले, "काकू, बँकेने कुठं फुकट दिलं असतं? घ्या थोडं." थोरल्याने भविष्य निर्वाह निधीतून काढून, मास्तरांनी टपालातली बचत मोडून, आगाऊ रक्कम चारऐवजी पाच लाख केली. राहिले एकोणीस लाख, दरमहा मुद्दल वीस हजार, पंचाण्णव हप्ते, आणि शिल्लक रकमेवर दर साल दर शेकडा सहा व्याज. पहिल्या महिन्याचे व्याज साडेनऊ हजार, पुढे दरमहा शंभर रुपयांनी उतरते. आईला ते उतरणारे व्याज फार आवडले.

हे व्याज किमतीत मिसळून टाकण्याचा मोह बहुतेकांना होतो. तो टाळावा. पंचाण्णव हप्त्यांचे व्याज होते ४,५६,०००. तेवढी किंमतच वाढवून लिहिली असती, तर त्यावर ९४,८४८ रुपये कर पहिल्याच वर्षी गेला असता. आणि तोही जे पैसे आठ वर्षांत यायचे त्यांच्यावर. व्याज वेगळे लिहिले, तर ज्या वर्षी येईल त्या वर्षीचे उत्पन्न. आणि पहिले वर्ष सरल्यावर माझे निवृत्तिवेतन व व्याज मिळून बारा लाखांच्या कितीतरी आत राहते. आजचा नियम टिकला तर त्यावर कर शून्य.

तिसरी गोष्ट कराच्या डबीची. मे २०२५ पासून जुलै २०२६ पर्यंत पंधरा हप्ते. त्यांतले प्रत्येकी सोळा हजार वेगळ्या खात्यात टाकायचे. पंधरा महिन्यांत दोन लाख चाळीस हजार. घराचा कर २,२५,४७२ आणि त्या वर्षीचा निवृत्तिवेतन व व्याज यांवरचा ११,६४८, एकूण २,३७,१२०. डबीत बसले! पाच लाख मात्र मोकळे राहिले: तीन बहिणीला, दोन आईच्या गुडघ्याला.

कोणी विचारील, दुसरे घर घेऊन किंवा रोखे घेऊन कर का वाचवला नाही? कायद्यात सोय आहे. दोन वर्षांत दुसरे राहते घर घेतले, तीन वर्षांत बांधले, किंवा सहा महिन्यांत ठरावीक सरकारी कंपन्यांचे पन्नास लाखांपर्यंतचे रोखे घेतले तर नफ्यावरचा कर सुटतो. पण त्यासाठी पैसे हाती असावे लागतात. घर घ्यायला वेळ लागणार असेल, तर ती रक्कम विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी बँकेच्या खास खात्यात ठेवावी लागते. हप्त्याने विकणाऱ्याच्या हाती ती रक्कम आलेलीच नसते. ज्यांच्यापाशी दुसरीकडे बचत आहे त्यांनी जरूर पाहावे. आम्हाला ते परवडण्यासारखे नव्हते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दुय्यम निबंधकांच्या कचेरीत गेलो. आईच्या सांगण्यावरून खरेदीखत मास्तरांच्या बायकोच्या नावे केले. घर बाईच्या नावावर घेतले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. चोवीस हजार वाचले. मास्तर हसून म्हणाले, "आता मी हिचा बिऱ्हाडकरू." नोंदणीचे बोट उमटवताना त्या माउलीचा हात थरथरत होता. बाहेर आल्यावर तिने आईला फोन लावला, आणि दोन्हीकडे काही वेळ कोणी बोललेच नाही.

हप्ते पाच तारखेच्या आत येतात. दरमहा शंभर रुपये कमी.

वाचकहो, तात्पर्य एवढेच. हप्त्याने घर विकणे वाईट नाही. कित्येकदा तेच माणुसकीचे असते. पण हप्ते मोजण्यापूर्वी कर मोजा. ताबा किंवा मालकी ज्या दिवशी द्याल त्या वर्षी सगळा कर उभा राहील हे धरून आगाऊ रक्कम ठरवा, तारीख ठरवा, व्याज वेगळे लिहा, पैसे बँकेतून घ्या, बोज्याची नोंद करा. घराची किंमत पन्नास लाख किंवा वर असेल तर घेणाऱ्याने एक टक्का कापून सरकारात भरायचा असतो, तेही विसरू नका. आणि आपल्या गावच्या जाणत्या सल्लागाराला कागद दाखवल्याशिवाय सही करू नका. माझा हिशेब माझ्या घराचा आहे, तुमच्या घराचा वेगळा येईल.

कारीट फोडून झाले. आता ताट पुढे घ्या. चकली गार होते आहे.